देहात आत्मा शोधताना



  तत्त्वज्ञानाच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणासाठी देहाहून वेगळा आत्मा आहे का, आणि असेल तर त्याचा देहाशी संबंध काय, हा विषय मी मुद्दाम निवडला. आपल्या वर्गांत तो परीक्षेपुरता उरला आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात आस्तिक, दुसऱ्यात नास्तिक. पहिल्या तासाला चार्वाक उरकायचा आणि उरलेले वर्ष वेदान्ताला द्यायचे. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर मात्र हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचे माणूस त्या वेळी खाटेवर असते.

हा वाद आपल्याकडे किती अटीतटीने झाला आहे, याची आठवण आधी देतो. दीघनिकायात पायासी सुत्त आहे. कोसल देशातल्या सेतव्या नगरीचा अधिपती पायासी परलोक मानत नव्हता. कुमार कस्सप या भिक्षूपुढे तो नुसते मत मांडत नाही, आपण करून पाहिले असे सांगतो. मरणाला टेकलेल्या आप्तांना त्याने बजावून ठेवले होते, की नरकात गेलात तरी येऊन सांगा, स्वर्गात गेलात तरी येऊन सांगा. कोणी आले नाही. एका चोराला त्याने जिवंतपणी रांजणात कोंबले, रांजणाचे तोंड कातडे आणि चिखल लावून बंद केले, खाली जाळ घातला. चोर मेल्यावर तोंड हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. दुसऱ्या एकाला आधी तोलले, मग गळा आवळून मारले आणि पुन्हा तोलले. देह हलका व्हायचा तो उलट जड भरला. आणखी एकाची कातडी, मांस, स्नायू, हाडे एकेक करून शोधली. जीव कुठेच सापडला नाही.

वाचताना अंगावर काटा येतो. ते गुन्हेच होते, आणि चोर होता म्हणून त्याचे मरण स्वस्त ठरत नाही. पण त्या क्रौर्यामागचा तर्क आजही जिवंत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेव्हरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न सहा रुग्णांच्या खाटा तराजूवर ठेवल्या आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. पहिल्या रुग्णाचे वजन मरणक्षणी पाऊण औंसाने घटले, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने. बाकीच्यांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत, काही तर हिशेबातूनच वगळावी लागली. तरीही आत्म्याचे वजन म्हणून तो आकडा आजवर सांगितला जातो. पायासीला आत्मा नाही हे दाखवायचे होते, मॅकडूगलला आहे हे दाखवायचे होते, आणि दोघांनीही तराजूच हाती घेतला. आत्मा असला तर तो देहात ठेवलेली एक वस्तू असणार, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरले होते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात खोल रुतलेली चूक ती हीच. ती भाविकांत जितकी आढळते तितकीच विज्ञाननिष्ठांतही.

कुमार कस्सपाने पायासीला दिलेली उत्तरे प्रसिद्ध आहेत. अग्नी विझला म्हणून अरणीचे लाकूड फोडून त्यात अग्नी शोधणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांपैकीच. शोधण्याची रीत चुकीची होती, हे त्या गोष्टीने सिद्ध होते. शोधायची वस्तू अस्तित्वात आहे, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. शिवाय कस्सप बौद्ध आहे. परलोक आणि कर्मफल मानणाऱ्या त्या भिक्षूला नित्य आत्मा मान्य नाही. आपले दोन रकाने इथेच मोडतात. मरणानंतर काही आहे असे म्हणणारा आत्मा नाकारतो, आणि देहापलीकडे पुरुष मानणारे सांख्य ईश्वराशिवाय आपले दर्शन उभे करतात. श्रद्धा आणि अश्रद्धा अशा सरळ रेषेवर हा वाद कधीच बसत नव्हता.

देहात्मवादाची थट्टा करून पुढे जाण्याची आपली सवयही जुन्या आचार्यांची नव्हे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादाचे शांकरभाष्य पाहा. तिथे लोकायतिकाचा पक्ष आधी नीट उभा केला आहे. देह असेल तरच जाणीव असते, देह नसेल तर नसते, म्हणून जाणीव हा देहाचाच धर्म. आचार्यांचे पहिले उत्तर असे, की रूप हा देहाचा धर्म प्रेतातही राहतो, पण जाणीव, हालचाल, स्मृती राहत नाहीत, म्हणून ते देहाचे धर्म नव्हेत. मला हे उत्तर लंगडे वाटते. क्रिया थांबली की तिच्यातून उपजणारे थांबते, द्रव्य तसेच राहते. यातून क्रियेमागे कोणी वेगळा होता असे ठरत नाही. दुसरे उत्तर मात्र मी वर्षानुवर्षे शिकवतो आहे आणि ते अजून माझ्याकडून खोडले गेलेले नाही. देह आणि भूते ही जाणिवेचे विषय आहेत. जे जाणले जाते, तेच जाणणारे कसे असेल? नट कितीही तयारीचा असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, असे आचार्य म्हणतात. या युक्तिवादाने मरणोत्तर काही टिकते हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध झाले असे समजून पुढे जाणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण मेंदूचे कितीही तपशीलवार चित्र हाती आले, तरी ते चित्र पाहणारा त्या चित्रात कुठे बसवायचा, हा प्रश्न त्याने आपल्यापुढे ठेवला, आणि तो आज अधिकच टोचतो.

आता न्यायाकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे इथे आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आत्म्यासाठी एक देखणा पुरावा दिला आहे. मी डोळ्यांनी जे पाहिले तेच हाताने चाचपतो आणि म्हणतो, ही तीच वस्तू. डोळ्याला स्पर्श कळत नाही, हाताला रंग कळत नाही. मग दोन्ही कळून त्यांची सांगड घालणारा, इंद्रियांहून वेगळा असा एक कोणी असला पाहिजे. वर्गात हे सांगितले की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात, कारण प्रत्येकाला ते स्वतःत तपासून पाहता येते.

आता याच सांगडीची परीक्षा घेणारे प्रयोग पाहा. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते दुभंगलेल्या मेंदूंवरच्या कामासाठी. अपस्माराचे झटके कशानेच आवरत नव्हते, अशा काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापला होता. झटके कमी झाले, रुग्ण हिंडूफिरू लागले. पण नजर समोर खिळवून उजवीकडे एक चित्र क्षणभर दाखवले आणि डाव्या हातात न दिसेल अशी वस्तू दिली, तर ती त्या चित्रातलीच आहे का, हे रुग्णाला सांगता येईना. डावीकडे दाखवलेल्या वस्तूबद्दल काहीच दिसले नाही असे तो तोंडाने सांगे, आणि डावा हात मात्र पडद्याआडच्या वस्तूंतून नेमकी तीच उचलून देई.

नैयायिकाचा पुरावा ज्या सांगडीवर उभा होता, ती सांगड एका पट्ट्याच्या कापण्याने तुटली. आता काय म्हणायचे? आत्मा दोन झाले? पण अखंडता हे तर आत्म्याचे लक्षण होते. की आत्मा एकच राहिला आणि त्याची अवजारे बिघडली? मग पाहणारा आणि चाचपणारा एकच, हे आपल्याला कळत होते ते अवजारांमुळे कळत होते, आत्म्यामुळे नव्हे. म्हणजे पुरावा हातचा गेलाच. प्राचीन नैयायिकांसमोर हा रुग्ण असता तर त्यांनी डोळे मिटले नसते. त्यांनी सूत्रावर नवे वार्तिक लिहिले असते. आपण ते लिहिलेले नाही याचे मला दुःख आहे. आपल्या अभ्यासक्रमात न्यायाचे सूत्र एका पेपरात आहे, मेंदूविज्ञान दुसऱ्या विद्याशाखेत आहे, आणि दोघांची गाठ घालणे हे कोणाचेच काम नाही.

युरोपातही आत्मा आणि देह यांची गाठ बांधणे सोपे गेले नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने मे १६४३ मध्ये देकार्तला पत्र लिहून विचारले, की ज्याला लांबीरुंदी नाही असा आत्मा देहाला हलवतो कसा? देकार्तने पुढे मेंदूतल्या एका लहान ग्रंथीकडे बोट दाखवले. ग्रंथी सापडली, उत्तर सापडले नाही.

आपल्या भाषेत हा प्रश्न फार लवकर उतरला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, शके १२१२ मध्ये, ज्ञानदेव देहरूपी शेत नेमके कोणाचे यावरची मते एकामागून एक मांडतात. जीववादी म्हणतो, शेत जीवाचे, प्राण हे त्याचे कूळ. मग प्रकृतिवादी, संकल्पवादी, स्वभाववादी, कालवादी येतात आणि प्रत्येक जण आधीच्याचा हक्क नाकारतो. नेवाशात बसलेल्या या तरुणाने विरोधी मते लपवली नाहीत, त्यांना शेतकऱ्याच्या बोलीत बोलते केले. मराठीत तत्त्वज्ञान लिहायचे तर हा धडा पुरेसा आहे, आणि आपण तो गिरवत नाही.

सुरुवातीला फाटकाबाहेरचा प्रश्न म्हणालो होतो. अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण अतिदक्षता विभागात आहे. छाती हलते आहे, अंग गरम आहे, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसत आहेत. डॉक्टर सांगतात, मेंदूचा मूलस्तंभ मृत झाला आहे, तो गेला आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ही घोषणा चार डॉक्टरांच्या मंडळावर सोपवली आहे, आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. यंत्र थोडा वेळ थांबवून तो स्वतः श्वास घेतो का, हेही पाहतात. इतके सगळे झाल्यावर आई विचारते, मग अंग गरम कसे? बाप विचारतो, जीव अजून घुटमळत तर नसेल? कोणी मामा म्हणतो, डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा येईल.

या तिघांना अडाणी म्हणणाऱ्याशी मला बोलायचे नाही. आईचा प्रश्न पायासीच्या वादाइतका जुना आणि तितकाच कठीण आहे. मामाला तर त्याच्याच श्रद्धेतून उत्तर देता येते. गीता देहाला टाकून देण्याचे वस्त्र मानते, आणि टाकलेल्या वस्त्राचा तुकडा कोणाच्या कामी आला तर नव्या वस्त्रात भोक पडत नाही. बापाला काय सांगायचे, हे मात्र आपण ठरवलेले नाही.

इथे दोन अवस्थांचा घोटाळा होऊ देऊ नये. मेंदूमृत्यू वेगळा, आणि डोळे उघडे असून प्रतिसाद नसलेली अवस्था वेगळी. एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अशा दुसऱ्या अवस्थेतल्या एका तरुणीची तपासणी प्रसिद्ध केली. रस्त्यावरच्या अपघाताला पाच महिने झाले होते, ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती. तिला सांगितले, टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर, मग घराच्या खोल्यांतून फिर. निरोगी माणसाच्या मेंदूतले जे भाग त्या वेळी उजळतात, तेच तिच्याही मेंदूत उजळले. बाहेर खूण नाही म्हणून आत जाणणारा नाही, हे अनुमान तिथे कोसळले. अशा प्रत्येक रुग्णात कोणी जागे असते असे त्यातून ठरत नाही. पण देहवादी आणि आत्मवादी दोघांनीही जपून बोलावे, एवढे नक्की ठरते.

याच दुसऱ्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधला सगळा काळ मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या मेंदूमृत नाहीत असे नोंदवले, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या परिचारिकांनी आत्म्याची व्याख्या ठरेपर्यंत वाट पाहिली नव्हती. देहाला कूस बदलून देणे, भरवणे, स्वच्छ ठेवणे, हे त्यांच्या दृष्टीने एका माणसाशी वागणे होते. आत्मा अमर, देह नश्वर असे म्हणत देहाला तुच्छ लेखणाऱ्या व्याख्यानांपेक्षा मला हे वागणे तत्त्वज्ञानदृष्ट्या अधिक बरोबर वाटते. माणूस आपल्याला भेटतो तो देहातच, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो आजवर मला भेटलेला नाही.

माझी भूमिका आता उघड सांगतो. देहापासून सुटून प्रवास करणाऱ्या आत्म्याचा पुरावा मला सापडलेला नाही. जाणीव मेंदूच्या आधाराने घडते आणि त्या आधाराबरोबर मोडते, दुभंगते, विझते, असे मी मानतो. पण आधार समजला म्हणजे जाणणे समजले, हेही मला मान्य नाही. शांकरभाष्यातला तो दुसरा युक्तिवाद माझ्या वाटेत उभा आहे आणि त्याला वळसा घालून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या अधिवेशनाकडे माझे एकच मागणे आहे. रुग्णालयांतल्या प्रत्यारोपण समुपदेशकांबरोबर बसून, मेंदूमृत्यूच्या घोषणेनंतर नातेवाइकांच्या हाती देता येईल असे दोन पानांचे मराठी टिपण आपण तयार करावे. काय थांबले आहे, यंत्र काय चालवते आहे, अंग गरम का राहते, कोणत्या तपासण्या दोनदा झाल्या, हे त्यात साध्या शब्दांत यावे. मी कच्चा मसुदा केला आहे. जीव कुठे गेला, या बापाच्या प्रश्नासाठी त्यात अर्धे पान कोरे सोडले आहे. तिथे वैद्यकाने गप्प राहावे, आपण काही लिहावे, की ज्याचे त्याला भरू द्यावे, यावर उद्या सकाळच्या सत्रात चर्चा व्हावी. नैयायिक, बौद्ध, जैन, वेदान्ती, लोकायत अशा सर्व पक्षांचे अभ्यासक या सभागृहात आहेत. प्रत्येकाने त्या अर्ध्या पानासाठी आपले चार ओळींचे उत्तर लिहून आणावे, अशी विनंती करून मी थांबतो.