अहवाल कुठे जातो, दावा कुठे अडतो

(चोपडा तालुक्यातल्या वन हक्क समित्यांच्या बैठकीतलं भाषण. टेपवरून उतरवलं आहे, बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

बायांनी जरा पुढे सरकावं, मागे ऐकू येत नाही.

मला विषय दिलाय, समाजाचं संशोधन आणि सरकारचं धोरण. ऐकायला शहरातला वाटतो. पण दोघंही आपल्या पाड्यावर येऊन गेलेत. संशोधनवाला फॉर्म घेऊन येतो. घरात माणसं किती, कोंबड्या किती, जमीन किती? आपण खाट टाकतो, चहा देतो, सगळं सांगतो. तो जातो. आणि धोरण येतं ते गार्डच्या काठीतून, नाहीतर प्रांत ऑफिसच्या नोटिशीतून. या दोघांची आपसात गाठ पडते का, एवढंच बघायचं आहे.

एकदा पडली होती. १९३५ च्या कायद्याखाली इंग्रजांनी काही मुलूख 'अंशतः वगळलेले' ठरवले. पश्चिम खानदेशातले शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर, अक्राणी त्यात होते. आणि पूर्व खानदेशातलं सातपुड्याचं राखीव जंगल होतं, म्हणजे हा समोरचा डोंगर. मुंबई सरकारनं सायमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला असल्या मुलखांची पाहणी करायला सांगितलं. त्याचा अहवाल १९३८ चा. सावकाराचं कर्ज फिटत का नाही, जमीन हातातून कशी जाते, वेठ कोण घेतो, हे त्यानं लिहून ठेवलं. आपल्या आज्या-पणज्यांना ते रोज दिसत होतं, पण सरकारी कागदावर ते एका साहेबाच्या सहीनं आलं.

मग काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. ठेकेदाराला हटवून जंगल कामगारांच्या सोसायट्या काढायच्या, या विचाराला त्या अहवालानं बळ दिलं आणि स्वातंत्र्याच्या सुमारास त्या सुरूही झाल्या. (कुठे कुठे सोसायटीच्या पाटीमागे तोच जुना ठेकेदार होता, ती गोष्ट वेगळी.) पण जमिनीचं काय? आदिवासीची गेलेली जमीन परत करायचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. अहवालापासून छत्तीस वर्षं मोजा. त्यातही १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेलीच जमीन धरली. म्हणजे सायमिंग्टननं जी जमीन जाताना पाहिली, ती या तारखांत बसतच नाही! ज्यांच्याबद्दल अहवाल होता त्यांना त्यातलं बिघाभर मिळालं नाही. आणि १९७४ तरी का उजाडलं? १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली, श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांनी शहादा-तळोद्याची माणसं जागी केली, म्हणून. नुसत्या अहवालाच्या जोरावर ते झालं नसतं.

आता आपल्या दाव्यांकडे येतो. २००६ च्या वन हक्क कायद्याचे नियम २००८ ला निघाले. त्यातला तेरावा नियम समितीच्या प्रत्येकानं वाचून घ्यावा, ज्याला वाचता येत नाही त्यानं पोराकडून वाचवून घ्यावा. पुरावा म्हणून काय चालतं? गॅझेटियर, जनगणना, सरकारनं नेमलेल्या समित्यांचे अहवाल. नामांकित संस्थांनी केलेला अभ्यास, रूढी-परंपरांची नोंद. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा. शेतातला बांध, झोपडी. आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, फक्त तो स्वतः दावेदार नको. यातले कमीत कमी दोन लागतात. साहेबाचा अहवाल आणि आपल्या आजीचा जबाब कायद्यानं एकाच यादीत बसवलेत.

पण ऑफिसात काय विचारतात? "दंडाची पावती आहे का?" पावती नाही, तर दावा नामंजूर. अरे, ज्याच्याकडून पैसे घेतले आणि पावती फाडलीच नाही, त्यानं कुठून आणायची? २०१२ च्या सुधारणेत स्पष्ट आहे: अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरायचा नाही, पावती नाही एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही. उपग्रहाचा फोटो जोडीला चालेल, बाकी पुराव्यांच्या जागी चालणार नाही. आणि यावल अभयारण्याच्या बाजूच्या साथींनो, अभयारण्य आहे म्हणून दावा घेत नाही म्हणतात, ते ऐकू नका. कायद्याच्या व्याख्येत अभयारण्यही वनजमीनच आहे.

आमच्या पाड्यावर काही वर्षांमागे शहरातल्या एका संस्थेची मुलगी अभ्यासाला आली. वाईट नव्हती, आमच्यात राहिली, भाकरी खाल्ली. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबाजवळ तीन दिवस बसून तिनं वही भरली. कोणी कोणतं शेत कधी फोडलं, दुष्काळात विहीर कोणी खोदली, वाघदेवाचा दगड आधी कुठे होता, सगळं. दावे भरायची वेळ आली तेव्हा बाबा राहिला नव्हता. त्याचा जबाब आम्ही कधी लिहून घेतलाच नव्हता. ती वही मिळावी म्हणून संस्थेला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. अकरा घरांचे दावे एका पुराव्यावर लटकले. चूक त्या मुलीचीच नाही. बाबा आमच्या ओट्यावर रोज बसायचा, आम्हालाच सुचलं नाही.

म्हणून आमच्या ग्रामसभेनं ठराव केलाय. अभ्यासाला येणाऱ्यानं आधी ग्रामसभेच्या रजिस्टरात नाव, संस्था, पत्ता लिहायचा. जे लिहून नेईल त्याची मराठीत एक प्रत, सही-शिक्क्यासह, गावाला द्यायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची. चुकलेलं म्हातारी माणसं तिथेच दुरुस्त करतील. सामूहिक दाव्याला असा अभ्यास फार कामाचा, कारण मोह, चारोळी, डिंक, चराई पिढ्यान्‌पिढ्या कोण करतंय हे त्यात दिसतं. वैयक्तिक दाव्याला तेवढं पुरत नाही. गॅझेटियरमध्ये तुझ्या बापाचं नाव सापडणार नाही. तिथं बांध दाखवावा लागेल, जबाब लागेल.

जबाब घेताना घाई करू नका. म्हाताऱ्याला साल विचारलं तर तो गडबडतो. त्याला विचारा, मोठा मुलगा तेव्हा केवढा होता, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर. त्याच्याच बोलीत लिहा, खाली मराठीत लिहा, अंगठ्याशेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ज्यांचे दावे उपविभागीय समितीनं नाकारलेत त्यांनी लेखी कारण मागा. कळल्यापासून साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं.

ज्यांच्या पाड्यावर सत्तरीच्या वरचं माणूस आहे, त्यांनी जेवण झालं की इकडे झाडाखाली यावं. नावं लिहून घेतो. पहिला जबाब उद्या सकाळीच घेऊ.