अदृश्य किरणांचे पहारेकरी
(विज्ञान शाखेच्या पदवीधरांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच देशोदेशीचे डॉक्टर त्यांचा उपयोग करू लागले. या किरणांपासून बचाव कसा करावा, हे मात्र मानवाला फार उशिरा उमगले. मधल्या काळात अनेक डॉक्टरांनी व तंत्रज्ञांनी बोटे गमावली, हात गमावले, प्रसंगी प्राणही गमावले. या यातनांतून जी विद्याशाखा उभी राहिली तिला ‘हेल्थ फिजिक्स’ म्हणतात. आपण तिला किरणोत्सर्ग-संरक्षणशास्त्र म्हणू.

हे शास्त्र केवळ अणुभट्टीच्या भिंतींआड नांदणारे नाही. सीटी स्कॅन केंद्र, कर्करोग रुग्णालयातील उपचारयंत्र, तेलवाहिनीच्या वेल्डिंगमधील दोष शोधणारा गॅमा कॅमेरा, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावी २००२ मध्ये उभारलेला ‘कृषक’ प्रकल्प, अशा सर्व ठिकाणी त्याची गरज असते. जिथे किरणोत्सर्ग आहे, तिथे त्याची भाषा जाणणारा माणूस हवाच.

तो नसला तर काय घडते? २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पडून असलेले एक जुने गॅमा विकिरण यंत्र लिलावात विकले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, फोडले गेले आणि आतील कोबाल्ट-६० उघड्यावर आला. अनेकांना गंभीर बाधा झाली, एका कामगाराचा मृत्यू झाला. ज्यांच्या हातांनी तो धातू हाताळला, त्यांनी ‘कोबाल्ट’ हे नावही ऐकले नसेल. त्यांच्या अज्ञानाला दोष कसा द्यावा? विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या वास्तूतून ती वस्तू बाहेर पडताना ‘थांबा’ म्हणणारा कोणी नव्हता, हे खरे शल्य आहे.

या शास्त्राची मूलतत्त्वे सोपी आहेत. किरणांच्या सान्निध्यातील वेळ कमी करावा, अंतर वाढवावे आणि मध्ये योग्य आडोसा उभा करावा. छोट्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रेचा वेग एक चतुर्थांशावर येतो. आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घालून दिलेली आहे. परंतु मर्यादेच्या आत राहिलो म्हणजे कर्तव्य संपले, असे हे शास्त्र मानत नाही. मात्रा जितकी कमी करणे व्यवहारतः शक्य असेल तितकी करावी, हा त्याचा आग्रह आहे.

आता ही विद्या मिळवावी कशी? अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाची ऑनलाइन सोय केली. नोकरी न सोडता, घर न सोडता शिकता येणे ही लहान गोष्ट नव्हे. किरणांचे पदार्थविज्ञान, मात्रेचे गणित, पेशींवरील परिणाम, कायदे व नियम हे सारे संगणकाच्या पडद्यावर उत्तम शिकता येते. गावाकडच्या बुद्धिमान मुलीला शहरातील वसतिगृह परवडत नसेल, तर तिच्यासाठी हा मार्ग वरदान ठरू शकतो.

तथापि, पडदा सर्व काही देत नाही. मोजणीयंत्र हाती धरून गळती शोधणे, सांडलेला किरणोत्सारी द्रव निस्तरणे, यंत्र बंद न पडल्यास क्षणात निर्णय घेणे, ही हाताची विद्या आहे. म्हणूनच आपल्याकडील जुनी परंपरा लक्षात घ्या. मुंबईच्या ज्या अणुशक्ती आस्थापनेला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव लाभले, तिथे १९६२ पासून एम.एस्सी. नंतरचा किरणोत्सर्ग भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. कर्करोग उपचार विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्यास त्या शिक्षणानंतरही वर्षभर रुग्णालयात प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. केवळ पदवी हाती आली म्हणून कोणी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होत नाही. संस्थेने त्याचे नाव सुचवावे लागते आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्याची पात्रता तपासून मान्यता देते. त्यामुळे कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही पदवी भारतात, तुम्हाला हव्या त्या पदासाठी ग्राह्य धरली जाते काय? प्रात्यक्षिके कुठे आणि किती दिवस होतात? अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची व्यवस्था आहे काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास आकर्षक जाहिरातीला भुलू नका.

मित्रहो, या व्यवसायात टाळ्या नाहीत. तुमचे काम उत्तम झाले, तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची बातमी होत नसते. उलट वरिष्ठ घाई करीत असताना, रुग्णांची रांग लागलेली असताना ‘यंत्र तपासल्याविना सुरू होणार नाही’ असे सांगण्याचा प्रसंग येतो, तेव्हा ज्ञानाबरोबर धैर्यही लागते. ज्ञान आज घरबसल्या मिळू शकते. धैर्य ज्याचे त्याने कमवायचे असते. भंगार वेचणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव तुमच्या एका स्वाक्षरीवर अवलंबून असेल, याचे भान ठेवून ही विद्या घ्या, एवढेच माझे सांगणे आहे.