दुखण्याला फुटलेली वाचा

माणसाला ताप आला तर तो चार लोकांत सांगतो. पाय मुरगळला तर येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखवितो. परंतु शरीराचीं कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, त्यांचें नांव निघतांच घरांतील बोलणें थांबतें. मासिक धर्म, गर्भारपण, गर्भपात, गर्भाशयाचे विकार, गुह्यरोग हे विषय स्त्रीनें मनांत ठेवावयाचे, आणि एखादे दिवशीं त्यांनींच तिचा घात करावयाचा, असा क्रम पुष्कळ देशांत चालत आला आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वांट्यास हें मौन दुप्पट आलें. तें मोडण्याचें काम बिली एव्हरी नांवाच्या एका शिक्षिकेनें कसें हातीं घेतलें, ही हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

या मौनाच्या मुळाशीं केवळ लाज नव्हती, भयहि होतें. आणि तें निराधार नव्हतें. १८४५ ते १८४९ या काळांत अलाबामा राज्यांतील माँटगोमेरी येथें डॉ. मॅरियन सिम्स यांनीं गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. बधिरता आणणारें औषध दिलें जात नसे. अनार्का नांवाच्या मुलीवर तर, डॉक्टरांच्याच सांगण्याप्रमाणें, तीस वेळां शस्त्र चाललें. त्या स्त्रियांपैकीं अनार्का, ल्यूसी व बेट्सी हीं तीन नांवें तेवढीं उरलीं. डॉक्टरांना मात्र स्त्रीरोगशास्त्राचे जनक ही पदवी मिळाली.

गुलामगिरी गेली, पण ही वृत्ति गेली नाहीं. १९६१ सालीं मिसिसिपी राज्यांतील फॅनी लू हेमर या शेतमळ्यावर राबणाऱ्या बाई पोटांतील गांठ काढून घेण्यासाठीं रुग्णालयांत गेल्या. डॉक्टरांनीं त्यांना न विचारतां गर्भाशयच काढून टाकलें. हेमरबाई गप्प बसल्या नाहींत. आपल्यावर गुदरलेली गोष्ट त्यांनीं सभांतून उघड सांगितली. १९७३ सालीं पुन्हां त्याच माँटगोमेरींत बारा व चौदा वर्षांच्या दोन बहिणींवर कायमच्या संततिनिरोधाची शस्त्रक्रिया झाली. आईला लिहितांवाचतां येत नव्हतें. मुलींना औषध टोंचावयाचें आहे अशा समजुतीनें तिनें कागदावर फुली केली होती. जेथें असें घडतें, तेथें आपलें गुह्य सांगावयास कोण जाईल?

एव्हरीबाईंचा जन्म १९३७ सालीं जॉर्जिया राज्यांत झाला. मानसशास्त्राची पदवी घेऊन त्या पुढें मनोविकारानें पीडित मुलांना शिकवूं लागल्या. १९७० सालीं त्यांचे पति हृदयविकारानें अकस्मात् वारले. त्यांचें वय अवघें तेहेतीस होतें. पतिपत्नी दोघेंहि सुशिक्षित. घरांत पुस्तकी विद्या होती, परंतु शरीराची विद्या नव्हती, ही खंत त्यांच्या मनांत कायमची राहिली.

त्यानंतर फ्लॉरिडांतील गेन्सव्हिल येथें त्या व त्यांच्या मैत्रिणी अडलेल्या स्त्रियांना न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा पत्ता देत, कारण गर्भपात तेथें कायदेशीर झाला होता. एके दिवशीं एक कृष्णवर्णीय स्त्री आली. तिच्यापाशीं प्रवासाचे पैसे नव्हते. तिनें आपल्याच हातानें उपाय केला आणि ती मरण पावली. नुसता पत्ता देणें म्हणजे साहाय्य नव्हे, हें एव्हरीबाईंना त्या मरणानें शिकविलें. १९७४ सालीं त्यांनीं मैत्रिणींसह तेथेंच स्त्रियांसाठीं दवाखाना व १९७८ सालीं सुईणींच्या देखरेखीखालीं चालणारें प्रसूतिगृह काढलें.

पण दवाखान्याचें दार उघडलें म्हणजे तोंड उघडतें असें नाहीं. अठरा ते पंचवीस वयाच्या कृष्णवर्णीय तरुणींपैकीं निम्म्याहून अधिक जणी आपण सतत मनस्तापांत जगतों असें सांगतात, हें एका सरकारी पाहणींत त्यांच्या वाचनांत आलें. मग १९८३ च्या जून महिन्यांत अटलांटा येथील स्पेलमन कॉलेजांत त्यांनीं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची पहिली राष्ट्रीय परिषद् भरविली. सुमारें २,००० स्त्रिया आल्या. लिली ॲलन यांनीं चालविलेल्या एका बैठकीचा विषय होता, कृष्णवर्णीय आणि स्त्री असणें म्हणजे प्रत्यक्षांत काय. तेथें कित्येकींनीं घरांतील मारहाण, बालपणीं आप्तांकडून झालेले अत्याचार यांविषयीं जन्मांत प्रथमच तोंड उघडलें.

या परिषदेंतून जी संस्था उभी राहिली, तिची रीत अगदीं साधी होती. थोड्या स्त्रियांनीं ठराविक दिवशीं एकत्र बसावयाचें. एकीनें बोलावयाचें, इतरांनीं मध्यें न बोलतां ऐकावयाचें. व्यासपीठावरून उपदेश करणारे वक्ते पुष्कळ असतात. श्रोत्यांचे दोष मोजून ते खालीं उतरतात. एव्हरीबाई आधीं स्वतःचें सांगत, पतीच्या मरणाचें व आपल्या अज्ञानाचें. तें ऐकून समोरची स्त्री आपलें सांगावयास धजे. आणि हें दुखणें आपल्या एकटीचें नव्हे, हें कळलें कीं डॉक्टरला प्रश्न विचारण्याचेंहि बळ तिला येई. १९८७ सालीं संस्थेनें एक बोलपट काढला. त्यांत माता व कन्या समोरासमोर बसून ऋतुप्राप्ति आणि कामजीवन यांविषयीं बोलतात. १९८९ सालीं अटलांटा येथेंच डाझॉन डिक्सन डियालो यांनीं ‘सिस्टरलव्ह’ ही संस्था स्थापिली. तिच्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या घरगुती मेळाव्यांत जात आणि हास्यविनोद करीत एड्सपासून बचाव कसा करावा, निरोध कसा वापरावा, हें शिकवीत.

एवढ्यानें सर्व साधलें असें मात्र नाहीं. १९९४ सालीं शिकागो येथें बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनीं असें मांडलें कीं, मूल न होऊं देण्याचा हक्क, होऊं देण्याचा हक्क आणि झालेलें मूल सुखरूप वाढविण्याचा हक्क हे तिन्ही एकत्रच मागितले पाहिजेत. तरीहि २०२३ सालीं अमेरिकेंत दर लाख जिवंत जन्मांमागें ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचें प्रमाण १४.५ होतें. स्त्री बोलूं लागली, परंतु तिचें ऐकणारा कान रुग्णालयांत अजून पुरतेपणीं तयार झालेला नाहीं, हाच या आंकड्यांचा अर्थ.

डॉ. सिम्स यांचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील पुतळा २०१८ सालीं हलविण्यांत आला. २०२१ सालीं माँटगोमेरी येथें अनार्का, ल्यूसी व बेट्सी यांचीं भव्य शिल्पें उभीं राहिलीं. त्या तिघींचें गाऱ्हाणें ऐकण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं. प्रसूतीच्या खाटेवरून एखादी स्त्री आज कांहीं सांगूं पाहत असेल, तर तिचें मात्र त्याच घटकेस ऐकलें पाहिजे.