पन्नाशींतली टू-सीटर

मराठी भाषेंत माणसाच्या मध्यवयाची खूण म्हणून एक वस्तु फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. ती म्हणजे चाळिशी. वयाचें नांव आपल्या लोकांनीं खुशाल नाकावरच्या चष्म्याला देऊन टाकलें, आणि अक्षरें पुसट दिसूं लागलीं कीं ‘चाळिशी लागली’ एवढ्या दोन शब्दांत त्या वयाचा निकाल लावला. अमेरिकेंत व इंग्लंडांत मात्र त्याच वयाची खूण म्हणून जी वस्तु लोकांच्या तोंडीं बसली आहे, ती चष्म्याहून पुष्कळ महाग आणि पुष्कळ अधिक आवाज करणारी आहे. ती म्हणजे स्पोर्ट्स कार. बुटकी, चपळ, बहुधा दोनच माणसांना बसतां येईल अशी आणि पुष्कळदां छप्पर मागें लोटतां येणारी ही मोटार एखादा पन्नाशीचा, केंस विरळ झालेला गृहस्थ चालवितांना दिसला, कीं बघणारे एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात आणि ‘स्वारीला मिडलाइफ क्रायसिस झालेला दिसतो’ असें म्हणून हंसतात. मिडलाइफ क्रायसिस म्हणजे मध्यवयांतील पेंचप्रसंग. तारुण्य निसटलें, मरण दिसूं लागलें, म्हणून घाबरलेला पुरुष मोटारीच्या वेगानें वयाला मागें टाकूं पाहतो, असा या हंसण्याचा मथितार्थ असतो.

हा आरोप कितपत खरा आहे, याचा विचार करणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वरवर पाहतां विषय थट्टेचा वाटेल; परंतु या थट्टेनें दोन प्रकारच्या माणसांचें नुकसान होतें, आणि त्यांतील एकाचें नुकसान फार मोठें असतें, हें पुढें दिसून येईल.

प्रथम या शब्दप्रयोगाचें मूळ पाहूं. इलियट जॅक्स नांवाच्या, कॅनडांत जन्मलेल्या व पुढें लंडनमध्यें काम केलेल्या मनोविश्लेषकानें १९६५ सालीं ‘मृत्यु आणि मध्यवयांतील पेंचप्रसंग’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. चित्रकार, संगीतकार, कवि, लेखक, शिल्पकार अशा सुमारें ३१० कलावंतांची माहिती चाळून, पस्तिशीच्या सुमारास त्यांच्या निर्मितींत मोठी खळबळ होते, असें मत त्यानें त्यांत मांडलें. मनुष्य अर्धी चढण चढून येतो, माथ्यावर उभा राहतो आणि पलीकडचा उतार व त्या उताराचा शेवट त्याला प्रथमच स्पष्ट दिसतो. त्या दर्शनानें मन हादरतें, असें त्याचें म्हणणें. या विवेचनाचा विषय मृत्यु हा होता. मोटार हा नव्हे. पुढें १९७६ सालीं गेल शीही या अमेरिकन लेखिकेचें ‘पॅसेजेस’ हें पुस्तक निघालें व तें घरोघर पोंचलें. तिनें पुरुषांइतकाच स्त्रियांच्याही मध्यवयाचा विचार केला होता. लोकांनीं मात्र शब्द उचलला, पुरुष ठेवला आणि स्त्रीला गाळलें. १९७८ सालीं डॅनियल लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञानें मजूर, कारखान्यांतील अधिकारी, जीवशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार असे प्रत्येकीं दहा, मिळून चाळीस पुरुष तपासले आणि त्यांतील बहुसंख्यांना चाळिशीच्या सुमारास अंतःकरणांतील मोठ्या झगड्यांतून जावें लागतें, असा निष्कर्ष काढला. पण चाळीस माणसें म्हणजे शाळेंतील एका वर्गाचा पट. एका वर्गाच्या निकालावरून साऱ्या इलाख्याची परीक्षा झाली असें कोणी म्हणत नाहीं.

मोठी परीक्षा नंतर झाली. १९९५ च्या सुमारास अमेरिकेंत २५ ते ७४ वर्षें वयाच्या सात हजारांवर माणसांची पाहणी सुरू करण्यांत आली. त्यांतील सातशेंवर लोकांना ‘आपणांस मध्यवयांतील पेंचप्रसंग आला काय?’ असें विचारण्यांत आलें, आणि एलेन वेदिंग्टन या विदुषीनें २००० सालीं त्या उत्तरांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ‘होय’ असें उत्तर देणारे शेंकडा २६ निघाले. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांच्या वाट्यास तो प्रसंग आलाच नाहीं. बरें, ज्यांनीं ‘होय’ म्हटलें त्यांतील पुष्कळांनीं कारण काय सांगितलें? नोकरी सुटली, घटस्फोट झाला, आई-वडील गेले, दुखणें आलें. हीं संकटें खरीं. पण तीं तिसाव्या वर्षींही येतात आणि साठाव्या वर्षींही येतात. वयाचा आंकडा हें त्यांचें कारण नव्हे.

मग या कथेंत मोटार शिरली कोठून? त्यासाठीं स्पोर्ट्स कारचा थोडा इतिहास ध्यानांत घेतला पाहिजे. दुसरें महायुद्ध संपलें त्या १९४५ सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं ‘एम. जी. टी. सी.’ नांवाची लहानशी उघडी मोटार तयार होऊं लागली. तारांच्या आऱ्यांचीं चाकें आणि १२५० सी. सी. चें एंजिन एवढाच तिचा डामडौल. १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार मोटारी निघाल्या व त्यांतील सुमारें दोन हजार अमेरिकेस गेल्या. युद्धानिमित्त इंग्लंडांत राहून आलेल्या तरुण अमेरिकन शिपायांना या जातीच्या मोटारींची गोडी लागली होती. ऑक्टोबर १९४८ मध्यें लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत जॅग्वार कंपनीनें ‘एक्स. के. १२०’ ही मोटार मांडली. नांवांतील १२० हा आंकडा ताशी मैलांचा. १९५३ सालीं अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें मिशिगन राज्यांतील फ्लिंट येथें ‘कॉर्व्हेट’ तयार केली. पहिल्या वर्षीं निघाल्या अवघ्या ३००, आणि त्या सगळ्या पांढऱ्या. किंमत ३,४९८ डॉलर. त्याच कंपनीच्या साध्या घरगुती मोटारीच्या जवळजवळ दुप्पट.

येथें थोडेंसें अंकगणित करून पाहण्यासारखें आहे. १९५३ सालीं दुकानाच्या कांचेला नाक लावून ती पांढरी मोटार पाहणारा एखादा दहा वर्षांचा मुलगा कल्पनेंत आणा. तो वीस वर्षांचा झाला तेव्हां त्याच्यापाशीं पैसा नव्हता, आणि तरुण पोरांच्या मोटारीचा विमा उतरावयाचा म्हणजे विमा कंपन्या हप्ताही जबर घेत. तिसाव्या वर्षीं पगार बरा होता; पण घरांत बायको आणि दोन मुलें, आणि त्या मोटारीला बैठका दोनच. चाळिसाव्या वर्षीं घराच्या कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या कॉलेजची फी. मुलें आपापल्या मार्गाला लागलीं, कर्जाचा बोजा हलका झाला आणि हातीं चार पैसे उरूं लागले, तेव्हां सन उजाडला १९९३ आणि वय झालें पन्नास. त्या वर्षीं त्यानें ती मोटार घेतली. शेजारी म्हणाले, ‘म्हाताऱ्याला नवें वेड लागलें.’ वस्तुतः वेड नवें नव्हतें. चाळीस वर्षांपूर्वींची ती एक बाकी होती आणि ती त्यानें चुकती केली, इतकेंच. पन्नाशीचे लोक या मोटारींत अधिक दिसतात याचें सरळ कारण असें, कीं ज्या वयांत इच्छा सर्वांत तीव्र असते त्या वयांत खिसा रिकामा असतो. वय आणि खरेदी यांची गांठ पडते ती बहुधा खिशांत. भयाचा तेथें संबंध असलाच तर अपवादानें.

ज्या चित्रपटांनीं ही थट्टा दृढ केली, त्यांतही हीच गोष्ट नकळत नमूद झाली आहे. १९९९ सालच्या ‘अमेरिकन ब्यूटी’ या गाजलेल्या चित्रपटांत लेस्टर बर्नहॅम नांवाचा बेचाळीस वर्षांचा नायक घरची शहाणीसुरती मोटार काढून १९७० सालची लाल पॉन्टियॅक फायरबर्ड आणतो. प्रेक्षक त्याला हंसतात. पण बायकोनें विचारलें असतां तो सांगतो तें इतकेंच, कीं ही मोटार आपल्याला पहिल्यापासून हवी होती.

दुसरा एक गैरसमज वेगाविषयींचा. वयाला मागें टाकण्यासाठींच ही मोटार घेतली जात असेल, तर सर्वांत वेगवान मोटार सर्वांत लोकप्रिय व्हावयास हवी होती. प्रत्यक्षांत झालें तें निराळेंच. फेब्रुवारी १९८९ मध्यें हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें शिकागोच्या प्रदर्शनांत ‘मियाटा’ अथवा ‘एम. एक्स. ५’ नांवाची टू-सीटर मांडली. जुन्या इंग्रजी उघड्या मोटारींचा कित्ता तिनें गिरविला होता. एंजिन १६०० सी. सी. चें, वजन हलकें, वेग बेताचा. एप्रिल २०१६ मध्यें या मोटारींची संख्या दहा लाखांवर पोंचली आणि दोन बैठकांच्या उघड्या मोटारींत सर्वाधिक खपाचा मान तिला मिळाला. तिच्या कर्त्यांनीं आपलें तत्त्व ‘जिन्बा इत्ताइ’ या जपानी शब्दांत सांगितलें आहे. अर्थ असा, कीं घोडा आणि स्वार एकजीव. मराठी माणसाला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ताशी चाळीस मैलांवरही वळण नेमकें घेतां येणें, गिअर अचूक वेळीं पडणें, चाकाखालचा रस्ता हाताला कळणें, हा कसबाचा आनंद आहे. पोहणाऱ्याला आणि तबला वाजविणाऱ्याला तो ठाऊक असतो, आणि पन्नाशींत कसब संपतें असें कोणीं म्हटलेलें नाहीं.

मग मध्यवयांतील दुःख ही सर्वस्वी कल्पनाच आहे काय? तसेंही नाहीं. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वॉल्ड या अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं अनेक देशांतील आंकडे तपासून, माणसाचें समाधान पंचेचाळिशीच्या आसपास सर्वांत खालीं जातें व पुढें पुन्हां वर येतें, असें प्रतिपादन केलें. या मतावर विद्वानांत वाद आहे. परंतु मौजेची गोष्ट अशी, कीं २०१२ सालीं ५०८ चिंपांझी व ओरांगउटान यांच्या रखवालदारांकडून माहिती घेऊन केलेल्या एका अभ्यासांत या वानरांच्या मध्यवयांतही असाच उतार आढळला. त्या बिचाऱ्यांपाशीं गहाणखतें नाहींत आणि त्यांना मोटारीही कोणी विकत नाहीं. तेव्हां मध्यवयांत मनाला येणारी उदासी कित्येकांच्या बाबतींत खरी असूं शकेल. खोटी आहे ती तिची मोटारीशीं लावलेली गांठ.

आणि येथेंच या थट्टेचें खरें मोल कळतें. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्यानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून असें दिसतें, कीं १९९९ ते २०१० या काळांत ३५ ते ६४ वर्षें वयाच्या लोकांतील आत्महत्यांचें प्रमाण दर लाखास १३.७ वरून १७.६ वर गेलें, म्हणजे शेंकडा २८ नें वाढलें. आणि त्यांत पुरुषांचें प्रमाण स्त्रियांहून कितीतरी अधिक होतें. ज्यांचे आंकडे या कोष्टकांत पडले, त्यांतील बहुतेकांपाशीं लाल मोटार नसणार. ज्याची नोकरी सुटते, ज्याची रात्रीची झोंप उडते, ज्याला जेवणावरून उठून जावेंसें वाटतें, तो माणूस टू-सीटरच्या दुकानांत जात नाहीं. तो खोलीचें दार लावून बसतो. त्याला धीर करून कोणापाशीं चार शब्द बोलावेंसें वाटलें, तर ऐकणारा म्हणतो, ‘अरे, तुला मिडलाइफ क्रायसिस झाला आहे, एक मोटार घेऊन टाक!’ सगळे हंसतात, तोही हंसतो, आणि बोलावयाचें राहून जातें. एका माणसाचें निर्दोष सुख या थट्टेनें हास्यास्पद होतें, तें एक वेळ सोसवेल. पण दुसऱ्याचें दुःखही तिनें हास्यास्पद होतें, तें सोसवणारें नाहीं.

याचा अर्थ प्रत्येक खरेदी शहाणपणाची असते, असा मात्र कोणीं घेऊं नये. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेला पैसा मोडून, अथवा बायकोला अंधारांत ठेवून, कोणी मोटार आणली तर तो दोष आहेच. पण तोच दोष पंचविसाव्या वर्षींही दोषच आहे, आणि मोटारीऐवजीं जमीन घेतली तरीही तो दोषच राहतो. दोष हिशेबाचा व विश्वासाचा, वयाचा नव्हे.

आपल्याकडेही या हंसण्याचा एक घरगुती अवतार आहे. पन्नाशीचा गृहस्थ सतार शिकूं लागला, सायकलवरून पंढरपूरला निघाला किंवा रंगीत सदरा घालून लग्नाला आला, कीं ‘आतां या वयांत हें काय?’ असा प्रश्न ठरलेला. वानप्रस्थाश्रमाची थोर कल्पना या समाजाला शतकानुशतकें परिचित आहे. परंतु वानप्रस्थ म्हणजे माणसानें आपण होऊन हळूहळू केलेला त्याग. शेजाऱ्यांनीं हंसून करविलेला नव्हे.

तेव्हां एखाद्या पांढऱ्या केंसांच्या गृहस्थाची उघडी टू-सीटर रस्त्यानें जातांना दिसली, तर त्याला काय झालें असावें याचा तर्क बांधण्याचें कारण नाहीं. बहुधा त्याचें कर्ज फिटलें असावें. आणि ज्या परिचिताचें बोलणें अलीकडे कमी झालें आहे, जो चार माणसांत असूनही नसल्यासारखा असतो, त्याच्याकडे मात्र थट्टा बाजूला ठेवून जावें, शेजारीं बसावें, आणि तो बोलूं लागेपर्यंत घाई करूं नये.