एक नदी, दोन घड्याळे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी 'अमेरिकेचा प्रवास' असे सांगून मोकळी झाले. आता समोर बघते तर निम्म्या लोकांची मुले तिकडेच आहेत. नायगारा, न्यूयॉर्क, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा हे सगळे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिले असेल. म्हणून मी जिथे आपल्यापैकी फारसे कोणी जात नाही अशा एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. शेवटी मला एक कबुलीही द्यायची आहे. ती ऐकायला माझे काही जुने विद्यार्थी इथे बसले आहेत, हे मला वरून दिसते आहे.

माझा मुलगा बॉस्टनजवळ राहतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला आठ दिवसांची सुट्टी मिळाली. त्याला नदीत कॅनू चालवायची होती, सुनेला सायकल चालवायची होती, आणि बारा वर्षांच्या नातीला मूस नावाचे ते भलेमोठे शिंगांचे हरीण बघायचे होते. मला कोणी काही विचारले नाही. आजीचे काय, आजी गाडीत बसते.

बॉस्टनहून उत्तरेला सुमारे साडेसहाशे किलोमीटर गेलो. मेन नावाच्या राज्यात होल्टन गावाशी मोठा महामार्ग संपतो आणि पुढे साधा रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या कडेला गंमत आहे. तिथल्या लोकांनी सूर्यमाला मापात बसवून उभी केली आहे. होल्टनला प्लूटो, आणि चौसष्ट किलोमीटर पुढे प्रेस्क आइलच्या विद्यापीठात सूर्य. आम्ही प्लूटोकडून सूर्याकडे निघालो, ग्रह मोजत. दोन्ही बाजूंना बटाट्याची शेते. तिथे बटाटे काढायच्या हंगामात शाळांना सुट्टी देण्याची पद्धत होती आणि काही शाळांनी ती अजून सोडलेली नाही.

मग व्हॅन ब्युरेन गाव येते आणि रस्ता नदीला चिकटून धावू लागतो. ही सेंट जॉन नदी. तिथले मूळ आदिवासी तिला वोलास्तोक म्हणतात, म्हणजे सुंदर आणि भरभरून देणारी नदी. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत. आणि दोन्ही काठांवर दुकानांच्या पाट्यांवर, टपालपेट्यांवर, दफनभूमीतल्या दगडांवर तीच तीच आडनावे : सीर, तिबोदो, दाएगल, मिशो. सगळी फ्रेंच. मला आपल्या रावपुऱ्यातल्या जुन्या पाट्या आठवल्या.

हे लोक स्वतःला अकादियन म्हणवतात. फ्रेंचांनी 1605 मध्ये आजच्या नोव्हा स्कोशियात वस्ती केली, त्यांचे हे वंशज. पुढे तो मुलुख इंग्रजांकडे गेला. 1755 मध्ये इंग्रजांनी या शेतकऱ्यांना घरादारांतून काढून जहाजांवर चढवायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा हजार माणसे देशोधडीला लागली. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या जहाजात, असेही झाले. काही भटकत लुइझियानाला पोचले. काही निसटून सेंट जॉनच्या खालच्या खोऱ्यात राहिले. तिथेही नवे मालक आले, तेव्हा काही कुटुंबे नदीच्या उलट दिशेने वर सरकत 1785 मध्ये मॅडवॉस्काला पोचली. ती जिथे उतरली तिथे आज काठावर एक क्रूस उभा आहे.

त्यांनी दोन्ही तीरांवर शेते केली. नदी त्यांच्यासाठी रस्ता होती. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडी. मग इंग्लंड आणि अमेरिका यांचे सीमेवरून भांडण लागले. दोन्हीकडून शिपाई आले. फोर्ट केंट गावात 1839 मध्ये देवदाराच्या चौकोनी ओंडक्यांची एक गढी बांधली, ती अजून जशीच्या तशी आहे. लढाई मात्र झाली नाही. 1842 च्या तहात मोठ्या माणसांनी नकाशावर नदीलाच सरहद्द ठरवले. एका सकाळी भाऊ परदेशी झाला. ज्यांच्यासाठी ठरवले, त्यांना विचारायला कोणी आले नव्हते.

आता हौसेचे बोलते, नाहीतर माझा मुलगा म्हणेल, आईने सगळा इतिहासच सांगितला.

अलगॅश नावाची नदी तिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि सेंट जॉनला मिळते. तिची तळी आणि प्रवाह मिळून 148 किलोमीटरचा पट्टा 1966 मध्ये राज्याने राखून ठेवला. कॅनूतून तो सगळा पार करायला आठवडाभर लागतो. रात्री काठावर तंबू, सकाळी पुन्हा वल्हे. आमच्या मंडळींनी दोन दिवसांचा तुकडा केला. सुनेला फोर्ट केंट ते सेंट फ्रान्सिस असा जुन्या रुळांच्या जागी केलेला रस्ता मिळाला, नदीच्या कडेने सत्तावीस किलोमीटर, चढउतार नाही म्हणून मीही थोडी चालले. हिवाळ्यात त्याच वाटेवर बर्फावरच्या मोटारी धावतात. मार्चमध्ये फोर्ट केंटहून कुत्र्यांच्या गाड्यांची चारशे किलोमीटरची शर्यत निघते. नातीला मूस दिसला, पण संध्याकाळी रस्त्यावर, गाडीपुढे. तेव्हा जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंधार पडू लागला की गाडी हळू चालवा. आणि जूनमध्ये जाऊ नका, काळ्या माश्या फोडून काढतात. ऑगस्ट चांगला, सप्टेंबरअखेर पाने लाल होतात तो त्याहून चांगला.

तिसरी गोष्ट व्हिसाची. मॅडवॉस्काला पुलाच्या या टोकाला अमेरिका आणि त्या टोकाला कॅनडाचे एडमन्स्टन शहर. पलीकडे मोठी वनस्पतीबाग आहे, आणि तिथून क्वेबेकपर्यंत 134 किलोमीटरची सायकलवाट जाते. मुलगा, सून, नात निघाली. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, त्यावर अमेरिकेचा व्हिसा, कॅनडाचा नाही. मी अलीकडेच राहिले.

दिवसभर काठावर बाकावर बसले होते. पलीकडच्या चर्चच्या घंटा ऐकू येत होत्या. तिथे एक कारखाना आहे, तो बघण्यासारखा आहे. लाकडाचा लगदा कॅनडात तयार होतो, नळातून नदी ओलांडतो आणि त्याचा कागद अमेरिकेत होतो. लगद्याला व्हिसा लागत नाही. दुपारी फोनमध्ये पाहिले तर चार वाजलेले, थोड्या वेळाने पाहिले तर तीन. मी घाबरले, म्हटले फोन बिघडला की मी? तर पलीकडचे घड्याळ एक तास पुढे असते, आणि माझा फोन कधी इकडचा मनोरा पकडत होता, कधी तिकडचा. तिथल्या लोकांना याचे काहीच वाटत नाही. लग्नाच्या आमंत्रणात ते विचारून घेतात, तुमची वेळ की आमची?

दुसऱ्या दिवशी सकाळी एका चर्चच्या सभागृहात नाश्ता होता, गावजेवणासारखा. तिथे प्लॉय मिळाले. कुट्टूच्या पिठात पाणी घालून पातळ भिजवायचे, गरम तव्यावर ओतायचे, जाळी पडली की उतरवायचे. उलटायचे नाही. मी पहिला घास खाल्ला आणि नातीला म्हटले, अगं, ही तर आंबोळी! ते लोणी आणि काकवीसारखा पाक लावून खातात. त्यांच्या तव्यामागे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. मी उलटायचे नाही का असे हाताने विचारले, तेव्हा त्या हसल्या, आणि ओळख झाली. त्या शिक्षिका होत्या, मीही शिक्षिका. मग काय विचारता.

त्यांनी सांगितले ते ऐका. 1919 मध्ये मेन राज्याने कायदा केला की सरकारी शाळांत शिकवण्याची भाषा इंग्रजीच. या बाई पाच वर्षांच्या शाळेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मैदानावर मैत्रिणीशी फ्रेंच बोलताना सापडल्या की शिक्षा व्हायची. 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहायचे. शिक्षा देणाऱ्या बाईंचे आडनावही फ्रेंचच होते. त्या घरी गेल्यावर स्वतःच्या आईशी फ्रेंचच बोलत असणार.

पुढचे सांगताना त्या थांबून थांबून बोलत होत्या. शिक्षेने आपली भाषा गेली नाही, म्हणाल्या. आपण मोठ्या झालो, मुले झाली, आणि आपल्याला वाटले की त्यांना हे सोसायला नको. म्हणून मुलांशी इंग्रजीतच बोललो. प्रेमापोटी. आता मुलांना फ्रेंच समजते, बोलता येत नाही. नातवंडांना समजतही नाही.

माझ्या शेजारी माझी नात बसली होती. ती माझे मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते.

आता कबुली. मी तीस वर्षे याच शहरात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवले. आमच्या वर्गांत नियम होता, इंग्रजीतच बोलायचे. एकदा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा आपल्या बहिणीला म्हणाला, "ताई, माझा डबा दे ना." मी त्याला बोलावले आणि शंभर वेळा लिहायला लावले, की मी शाळेत मातृभाषा बोलणार नाही. गुजराती मुलांनाही लावले. त्या मुलाच्या आईवडिलांनी माझे आभार मानले होते. मी संध्याकाळी घरी येऊन देवापुढे मराठीत शुभंकरोती म्हणत होते, आणि मला त्यात काही विसंगत वाटले नव्हते. तव्याजवळच्या त्या बाईंना मी हे सांगू शकले नाही. मी फक्त आणखी एक प्लॉय मागून घेतला.

तिकडे सगळेच बुडाले असे मात्र नाही, आणि मला आज सांगायचे आहे ते हेच. 1969 मध्ये मेनचा तो नियम रद्द झाला. त्याच वर्षी पलीकडे न्यू ब्रन्सविकने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा केल्या. फोर्ट केंटच्या विद्यापीठात अकादियन लोकांची कागदपत्रे, गाणी, आठवणी जपणारे दप्तर आहे. व्हॅन ब्युरेनला जुनी घरे, शाळा, लोहारशाळा हलवून, दुरुस्त करून एक गाव उभे केले आहे. 2014 मध्ये जगभरच्या अकादियनांचे संमेलन याच सीमाभागात भरले, दोन्ही देशांनी मिळून भरवले. आणि 15 ऑगस्ट, आपला स्वातंत्र्यदिन, हा त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे, 1881 मध्ये ठरवलेला. त्या दिवशी ठिकठिकाणी अकादियन माणसे भांडी, झाकणे, शिट्ट्या, जे मिळेल ते वाजवत रस्त्यावर निघतात. आम्ही अजून इथे आहोत, एवढेच सांगायला. ढोलताशे ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण मला सर्वांत आवडली ती एक साधी रीत. मॅडवॉस्काच्या उत्सवात दर वर्षी एका घराण्याचा मान असतो. एक वर्ष सीर, एक वर्ष दुसरे कोणी. त्या आडनावाची माणसे कुठून कुठून येतात, वंशावळी मांडतात, जुने फोटो लावतात. ज्यांची भाषा गेली तेही येतात, आणि आजी कशी बोलायची ते विचारतात.

गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इथे आले त्याला पावणेतीनशे वर्षांहून जास्त झाली. आपली मराठी गुजरातीत मुरली, तरी टिकली. आपल्याला कोणी जहाजात घातले नाही, कोणी कायद्याने गप्प केले नाही. आपली मुले गप्प झाली ती आपल्यासारख्यांच्या चांगल्या हेतूंनी.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षीपासून गणपतीत एक संध्याकाळ एका घराण्याची ठेवावी. त्यांनी जुने फोटो, पत्रे, मोडीतले कागद आणावेत, आजीची एखादी गोष्ट मराठीत सांगावी. चुकली तरी मराठीत. पहिल्या वर्षी कोणी तयार नसेल तर माझे घराणे तयार आहे. माझी नात फोनवरून का होईना, चार वाक्ये बोलेल. तिने तसे कबूल केले आहे, आणि कबूल मराठीत केले आहे.

आणि तो डब्याचा मुलगा. तो आज तिसऱ्या ओळीत बसला आहे, डोक्याला टक्कल पडले आहे, शेजारी त्याचा मुलगा आहे. बाळा, ती शंभर वाक्ये मी परत घेते. चूक माझी होती.

आरतीची वेळ झाली. माझे भाषण संपले. नमस्कार.