मच्छरदाणीचे कापड



आज आपण ज्या किल्ल्यात जमलो आहोत, तो दोन शतकांहून अधिक काळ फोर्ट विल्यम म्हणून ओळखला गेला. २०२४ साली त्याला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका जलदुर्गाचे, विजयदुर्गाचे, नाव देण्यात आले. मला मात्र येथे येताना १८३६ हे साल आठवत होते. त्या वर्षी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहाचे विच्छेदन केले आणि रूढीचा अडसर दूर सारला. या घटनेच्या गौरवार्थ याच किल्ल्यावरून तोफा डागण्यात आल्या, असे सांगतात. त्या खरोखर डागल्या गेल्या की नाही, याची शहानिशा इतिहासकारांनी करावी. आधुनिक शल्यविद्या या देशात अशा बंदराच्या शहरांतून रुजली आणि बव्हंशी शहरांतच राहिली, एवढे मात्र निर्विवाद आहे. आफ्रिकेतही याहून वेगळे घडले नाही. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने सांगितले की, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातील पाच अब्ज माणसांना वेळेवर मिळू शकत नाही.

हा आकडा इतका मोठा आहे की त्यातून काही बोध होत नाही. म्हणून एकच व्याधी घेऊ. जांघेतील अंतर्गळ, म्हणजे लोक ज्याला हर्निया म्हणतात, तो. पोटाच्या भिंतीत एखादी जागा दुबळी होते आणि आतड्याचा भाग तेथून बाहेर डोकावू लागतो. शेतमजूर आणि हमाल तो फुगवटा हाताने आत सारून वर्षानुवर्षे ओझी वाहतात. एखाद्या दिवशी आतडे त्या फटीत आवळले जाते, त्याचा रक्तपुरवठा खुंटतो, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर माणूस दगावतो. वस्तुतः ही शस्त्रक्रिया फार अवघड नव्हे. बहुधा तेवढ्या भागापुरती भूल पुरते. दुबळ्या जागेवर कृत्रिम धाग्याची जाळी ठिगळासारखी बसवली की व्याधी उलटण्याचा संभव कमी होतो. परंतु कारखान्यातून येणारी ही जाळी महाग, आणि ज्याला तिची गरज सर्वाधिक त्याच्याच आवाक्याबाहेरची!

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर उपाय शोधला तो मच्छरदाणीत. मच्छरदाणीचे विशिष्ट कापड पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या मिश्र धाग्याचे असते, आणि महागडी जाळीही याच कुळातील. त्या कापडाचे तुकडे कापून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. इतर गावांतील सहकाऱ्यांकडूनही पडताळून घेतले, आणि २००३ साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीमध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. बाजारातली कोणतीही मच्छरदाणी चालेल असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. कीटकनाशक लावलेली तर वर्ज्यच. शिवाय वाफेचे तापमान १२१ अंशांच्या फार वर गेले तर धागाच बिघडतो.

हे कापड आफ्रिकेत नेले ते प्रामुख्याने स्वयंसेवकांनी. इंग्लंडमधील प्लिमथचे शल्यविशारद अँड्र्यू किंग्जनॉर्थ यांनी २००५ साली घानातील ताकोराडी येथे ‘ऑपरेशन हर्निया’ हा उपक्रम सुरू केला. आपल्या रजेतील आठवडा-दोन आठवडे देणारे शल्यविशारद तेथे जाऊ लागले आणि भारतीय मच्छरदाणीचे तुकडे त्यांच्या सामानातून जाऊ लागले. एरवी श्रीमंत देशाने शिकवायचे आणि गरीब देशाने शिकायचे, असा शिरस्ता असतो. येथे खानदेशातील एका गावाने शिकवले आणि इंग्लंडने ते घानापर्यंत वाहून नेले.

अशा दौऱ्यांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. पाहुणा शल्यविशारद शनिवारी विमानात बसतो. जखम चिघळते ती त्यानंतर. तेव्हा रुग्णाने कोणाकडे पाहावे? आपल्याकडील शिबिरांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात बाहेरगावचे शल्यविशारद येऊन शस्त्रक्रिया करतात; ते परत गेले तरी रुग्णालय तेथेच राहते, परिचारिका राहतात, रुग्णाला ओळखणारे डॉक्टर राहतात. शिबिराचे यश मी त्या आठवड्यात झालेल्या शस्त्रक्रियांच्या संख्येवरून मोजणार नाही. पाहुणे गेल्यानंतरच्या महिन्यात तेथे किती झाल्या, ते विचारीन.

युगांडा आणि स्वीडन येथील वैद्यकांनी मिळून पूर्व युगांडातील कामुली येथे जी चाचणी घेतली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. ३०२ पुरुषांपैकी काहींना स्वस्त जाळी बसवली, काहींना महाग. वर्षभराने पाहता स्वस्त जाळीच्या गटात व्याधी एकाच रुग्णात उलटली होती, दुसऱ्या गटात एकाही नाही. हा फरक नगण्य ठरला. २०१६ साली हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पुढे सिएरा लिओनमध्ये, पदवीधर डॉक्टर नसलेल्या पण खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यकर्मींकडून हीच शस्त्रक्रिया करून घेण्यात आली. त्यांचे काम डॉक्टरांच्या तुलनेत कमी पडले नाही. आपल्या देशातील पुष्कळ वैद्यकांना हे वाचून कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे.

आपल्यापैकी अनेकांनी लष्करी वैद्यकसेवेत तंबूत, कंदिलाच्या उजेडात काम केले असेल. निवृत्तीनंतर कोणी अशा कामास निघालाच, तर येण्याची तारीख आपल्या सोयीने ठरवू नये. तेथील डॉक्टरला विचारावी. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यावर शस्त्रक्रिया केली तर जखम भरण्याआधीच तो पोते उचलील. सुगी उरकल्यावर जावे, आणि टाके कोण पाहणार हे निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.