आवतण आणि उत्तर
(कशेळें येथें ग्रामस्थांपुढें झालेलें भाषण)



लग्नाची अक्षत घेऊन कोणी दारीं आला, तर आपण त्याला पाणी देतों, अक्षत घेतों आणि जमेल तर जातों. न जमलें म्हणून तो आपल्याशीं भांडत नाहीं. बोलावणें त्याच्या हातीं, जाणें आपल्या हातीं, यालाच आवतण म्हणतात. ख्रिस्ती मंडळी सुवार्ता सांगून लोकांना बोलावतात, तें कसें बोलावतात आणि ऐकणाऱ्यानें उत्तर कसें द्यावें, याचा आज विचार करूं. असें आवतण आपल्यापैकीं कोणाच्याही दारीं येऊं शकतें. उत्तर एकानें दिलें तरी त्याचा परिणाम सबंध घरावर होतो.

खुद्द येशूनें एका मेजवानीची गोष्ट सांगितली आहे. ती लूकच्या शुभवर्तमानांत आहे. यजमानानें बोलावणें धाडलें. एकानें शेत घेतलें होतें, दुसऱ्यानें बैलांच्या पांच जोड्या घेतल्या होत्या, तिसऱ्याचें नुकतेंच लग्न झालें होतें. तिघेही आले नाहींत. मग यजमानानें गल्लीबोळांतले गरीब, आंधळे, पांगळे बोलावले. तरी जागा उरली, तेव्हां वाटेवरच्या लोकांना आग्रह करून आंत आणण्यास चाकराला सांगितलें.

या शेवटच्या शब्दानें पुढें मोठा अनर्थ केला. पांचव्या शतकाच्या आरंभीं संत ऑगस्टीन यानें त्याच्या आधारें, वाट चुकलेल्यांना धाकानें आणलें तरी चालतें, असा अर्थ लावला. आपल्या शेजारीं गोव्यांत पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, आणि १५६० सालीं धर्मन्यायालय बसविलें. बाप्तिस्मा घेतलेला माणूस घरांत जुना रिवाज पाळतांना सांपडला, तर त्याची चौकशी होई. हें न्यायालय १८१२ सालीं कायमचें उठलें. यजमानाचें आवतण तेथें पकडवॉरंट झालें होतें. त्याच रोमन चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं जाहीर केलें कीं, श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही जबरी करूं नये. एवढें लिहून निघण्यास चार शतकें लागलीं! वास्तविक उत्तर शुभवर्तमानांतच होतें. एका श्रीमंत तरुणाला येशूनें आपल्यामागें बोलावलें. तो खिन्न होऊन परत गेला. येशूनें त्याला जाऊं दिलें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे पाहूं. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास ठाणें केलें. बाजारांत उपदेश, पुस्तकांची विक्री, शाळा, दवाखाना, आणि पुढें कीर्तन, अशी त्यांची बोलावण्याची रीत होती. रे. नारायण वामन टिळकांना १८९३ सालीं आगगाडींत एका परक्या प्रवाशानें नवा करार दिला. त्यांनीं तो वाचला, मनाशीं झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहींत. त्या कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. पुढें पतीजवळ आल्यावरही त्यांनीं आधीं आपला धर्म सांभाळला आणि स्वतःचें मन वळलें तेव्हांच बाप्तिस्मा घेतला. एकाच घरांत दोन माणसांचीं दोन उत्तरें, दोन वेळांना! बाईचें उत्तर नवऱ्यानें देऊन टाकूं नये, हा धडा या घरानें दिला आहे. टिळकांनीं १९१७ सालीं देवाचा दरबार काढला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेविली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट अधिक अवघड आहे. त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, तेव्हां धर्म शिकविणार नाहीं असें ठरलें होतें. पण त्या स्वतः प्रार्थना करीत तें दार उघडें असे, आणि मुली येऊन बसत. यावरून वाद माजला, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. पुढें दुष्काळांत याच बाईनें शेंकडों अनाथ मुली उचलून केडगांवीं आणिल्या आणि जगविल्या. तें उपकार कोणी विसरूं नयेत. तरीही विचारावेंसें वाटतें कीं, ज्या हातानें भाकर मिळते, त्याच हातानें आवतण आलें, तर पोरक्या मुलीच्या तोंडून "नाहीं" निघेल कसें? बोलावणाऱ्याचें मन शुद्ध असलें तरी हा प्रश्न उरतोच.

आणखी एक रीत अमेरिकेंतून जगभर गेली. १८३० च्या सुमारास चार्ल्स फिनी या उपदेशकानें, ज्याचें मन हललें त्यानें सभेंत पुढच्या बाकावर येऊन बसावें, अशी प्रथा गाजविली. विसाव्या शतकांत बिली ग्रॅहॅम यांच्या सभांतून गीत चालूं असतां हजारों लोक पुढें येत. त्यांचीं नांवें टिपून गांवच्या मंडळ्यांकडे धाडीत. यांत बळजबरी नाहीं. पण गर्दींत डोळे भरून येणें आणि जन्माचा निश्चय करणें, यांत अंतर आहे. म्हणूनच अनेक चर्चांत बाप्तिस्म्यापूर्वीं कांहीं महिने शिक्षण देतात. ती रीत मला शहाणपणाची वाटते. भात पेरल्यावर आवणीला थांबावें लागतेंच.

मोकळें उत्तर कसें असतें तें आपल्याच लोकांनीं दाखविलें आहे. बेळगांवचे कासार बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला. जोतीराव फुले पुण्यास मिशनरींच्या शाळेंत शिकले. त्यांनीं मिशनरींच्या कामाची थोरवी मानली, पण बाप्तिस्मा घेतला नाहीं आणि १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. दोघांनीं ऐकलें, दोघांनीं विचार केला.

तेव्हां आवतण आलें तर तीन गोष्टी विचारा. मला विचाराला वेळ आहे का? घरांतल्या बाईला, जाणत्या मुलाला आपआपलें उत्तर देतां येईल का? मी "नाहीं" म्हटलें तर शाळा, औषध, मदत चालूं राहील का? तिन्हींचें उत्तर "होय" असेल, तर तें खरें आवतण.

आणि एक गोष्ट गांवकीला सांगतों. कोणी "होय" म्हटलें म्हणून त्याचें पाणी तोडूं नका, त्याला वाळींत टाकूं नका. घटनेच्या पंचविसाव्या कलमानें धर्म पाळण्याचा व सांगण्याचा हक्क दिला आहे, आणि दुसऱ्याचा धर्म बदलण्याचा हक्क त्यांत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं सांगितलें आहे. वाळींत टाकणें तर महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पाद्र्यानें धाक घालूं नये हें खरें, मग पंचांनीं तरी कां घालावा? धाकानें मिळालेलें "होय" आणि धाकानें मिळालेलें "नाहीं", दोन्ही सारखींच पोचट.